लेखकाचा चरितार्थ आणि साहित्याचा ताळेबंद

मराठी पुस्तकाच्या मलपृष्ठावर लेखकाचा अल्पपरिचय छापण्याची प्रथा आता सार्वत्रिक झाली आहे. जन्मगाव, शिक्षण, पुरस्कार आणि, लेखकाचे आयुष्य खडतर असल्यास, त्याने केलेल्या नाना नोकऱ्यांची यादी. ही यादी जितकी चमत्कारिक, तितका वाचक अधिक प्रसन्न होतो. गिरणीत काम केले, टॅक्सी चालविली, खानावळ काढली असे वाचले की, याच्या लेखनात अनुभवाचा अस्सलपणा असणार, असे आपण गृहीत धरतो. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र ती यादी वाचताना एक अरसिक प्रश्न पडतो. हे पुस्तक लिहिले जात होते त्या काळात लेखकाच्या घरचे वाणसामान कोणाच्या पैशाने येत होते?

साहित्यातून ते येत नव्हते, हे साध्या हिशेबाने दाखविता येते. तीनशे रुपये किमतीच्या एका कादंबरीची हजार प्रतींची आवृत्ती संपूर्ण खपली असे समजू. दहा टक्के मानधन धरले तर लेखकाच्या हाती तीस हजार रुपये पडतील. पंधरा टक्के धरले तर पंचेचाळीस हजार. कादंबरीला तीन वर्षे लागली असतील तर ही कमाई महिन्याला हजार रुपयांच्या आसपास जाते, आणि तीही आवृत्ती संपल्यानंतर. म्हणजे लेखनाचा भांडवली खर्च दुसऱ्याच कोणीतरी उचललेला असतो. हा दुसरा कोणीतरी शोधू लागलो की मराठी साहित्याचा एक निराळाच इतिहास हाती लागतो.

या इतिहासात राजेरजवाडे फारसे नाहीत. आहेत त्या कचेऱ्या, शाळा आणि नभोवाणी केंद्रे. श्री. ना. पेंडसे यांनी मुंबईत बेस्टमध्ये नोकरी केली आणि कादंबऱ्या लिहिल्या त्या हर्णै-मुरुडच्या परिसरावर. जयवंत दळवी अमेरिकन माहिती खात्याच्या मुंबईतील कचेरीत होते. मर्ढेकर आकाशवाणीवर होते, व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीवर होते. कुडाळची खानावळ चालेना म्हणून मुंबईस आलेले चिं. त्र्यं. खानोलकर यांनाही काही काळ आकाशवाणीनेच आधार दिला. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत. रंगनाथ पठारे यांनी संगमनेरच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविले. दि. बा. मोकाशी यांचे पुण्यात रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. अरुण कोलटकर जाहिरातींच्या व्यवसायात होते. यांपैकी बहुतेकांना आपण ‘साहित्यिक’ म्हणून ओळखतो. त्यांच्या पगारपत्रकावर मात्र तो हुद्दा कधीच नव्हता.

नोकरीने लेखकाला दोन गोष्टी दिल्या, आणि त्या वेगळ्या ठेवून पाहिल्या पाहिजेत. एक म्हणजे अनुभवद्रव्य. मालतीबाई बेडेकर तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतींच्या कामावर होत्या म्हणून ‘बळी’ (1950) लिहिली गेली. महसूल खात्यातील नोकरीत धरणग्रस्तांची परवड जवळून पाहिली नसती तर विश्वास पाटील यांच्या हातून ‘झाडाझडती’ (1991) त्या तपशिलाने उतरली असती का, याची शंका आहे. टीकाकार याच देणगीविषयी बोलतात. दुसरी देणगी म्हणजे ठरावीक तारखेला येणारा पगार आणि ठरावीक वेळी संपणारे काम. हिच्याविषयी कोणी बोलत नाही, कारण ती पुस्तकात कोठेच दिसत नाही. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’त (1952) बेस्टची एकही बस धावत नाही, तरी माझ्या मते त्या कादंबरीच्या पाठीशी बेस्टचा पगार उभा आहे.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. अण्णाभाऊ साठे कोणत्या पगारावर लिहीत होते? वाटेगावचा हा मुलगा शाळेत जवळजवळ गेलाच नाही, गावाहून चालत मुंबई गाठली, पडेल ते काम केले आणि ‘फकिरा’ (1959) लिहिली. मग दारिद्र्यातूनच खरे साहित्य जन्मते असे का म्हणू नये? मला हा युक्तिवाद क्रूर वाटतो. अण्णाभाऊ 1969 साली विपन्नावस्थेत वारले तेव्हा त्यांचे वय पन्नासही नव्हते. दारिद्र्याने त्यांना विषय दिला असेल. पण पुढच्या वीस वर्षांचे लेखन त्याच दारिद्र्याने हिरावून घेतले, ही नोंद आपण खात्याच्या दुसऱ्या बाजूस कधी करीत नाही. याउलट नारायण सुर्वे यांचे पाहा. फुटपाथवर सापडलेले हे मूल एका गिरणी कामगाराने वाढविले. पुढे ते महानगरपालिकेच्या शाळेत शिपाई झाले, परीक्षा देऊन शिक्षक झाले. ‘माझे विद्यापीठ’ (1966) या शीर्षकातील रस्ता सर्वांना ठाऊक आहे. पण त्या रस्त्यावरून ते एका कायम नोकरीपर्यंत पोहोचू शकले, हे आपण विसरतो.

आणि ज्यांना पगारही नव्हता आणि वेळही स्वतःचा नव्हता, त्यांचे काय? फलटणच्या बेबी कांबळे किराणा दुकान सांभाळीत आणि लिहिलेले कागद घरच्यांपासून लपवून ठेवीत. ‘जिणं आमुचं’ 1986 साली पुस्तकरूपाने आले, पण लेखन त्याच्या कितीतरी आधीचे होते. बहिणाबाई चौधरींना तर लिहितावाचताच येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी टिपून ठेवली म्हणून 1952 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, छापली गेली. अशा किती वह्या चुलीत गेल्या असतील याचा हिशेब कोणत्याच अर्थशास्त्रज्ञाला मांडता येणार नाही.

हे सर्व आज सांगण्याचे कारण असे की, मराठी साहित्याचा हा मूक आश्रयदाता आता निघून चालला आहे. कायम नोकरीची जागा कंत्राटाने घेतली. पूर्वीचा कारकून साडेपाचला मोकळा होत असे. आजच्या कंत्राटी नोकराचा दूरध्वनी रात्री दहालाही वाजतो. महाविद्यालयांनी मराठीला जी. ए., नेमाडे, आनंद यादव, पठारे दिले. त्याच महाविद्यालयांत आज तरुण अध्यापक तासिका तत्त्वावर शिकवितात. तास घेतला तर पैसे, सुट्टीत काही नाही, आणि तेही महिनोन्‌महिने थकलेले.

यावर साहित्यसंस्था पुरस्कारांची संख्या वाढवितात. पुरस्कार पुस्तक लिहून झाल्यावर मिळतो, हे त्यांच्या ध्यानात येत नसावे. त्यापेक्षा एक उपाय विचारात घेण्याजोगा आहे. ब्रिटनमध्ये 1979 साली असा कायदा झाला की, सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक वाचकाने घरी नेले की त्याबद्दल लेखकाला सरकारी निधीतून अल्प रक्कम मिळावी. लोकप्रिय लेखकांनीच सारा निधी नेऊ नये म्हणून एका लेखकास मिळणाऱ्या रकमेवर तेथे कमाल मर्यादा आहे. डेन्मार्कमध्ये अशी योजना 1946 सालापासून होती. आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालचा आहे, गावोगावी अनुदानित ग्रंथालये आहेत आणि पुस्तकांच्या देवघेवीच्या नोंदीही ठेवल्या जातात. एक प्रत पन्नास वाचकांनी वाचली तरी लेखकाला मानधन मिळते एकाच प्रतीचे. या रकमेने पगाराची जागा भरून निघणार नाही, हे मान्य आहे. पण पगाराची जागा भरून काढणे हे ग्रंथालयांचे कामच नव्हे. ते शिक्षणखात्याचे आणि भरतीवरील निर्बंध उठविण्याचे काम आहे.

माझ्या ओळखीचा एक तरुण मराठीचा अध्यापक तीन महाविद्यालयांत मिळून आठवड्याला बावीस तास घेतो. दोन गावांमधील प्रवास एस.टी.ने होतो. त्याच्या दोन कथा चांगल्या नियतकालिकांत आल्या होत्या, त्यालाही आता सहा वर्षे झाली. कादंबरीचे काय झाले, असे मी गेल्या दिवाळीत विचारले. चार प्रकरणे झाली आहेत, म्हणाला. पाचवे मे महिन्याच्या सुट्टीत लिहायचे ठरविले होते, पण सुट्टीत पगार नसतो म्हणून त्याने शिकवण्या धरल्या.