वेळ गाडीची, तास माणसाचे

पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला राहणाऱ्याला रुग्णवाहिकेच्या भोंग्याचे अप्रूप उरत नाही. पाटस हे अशांपैकीच एक गाव. इथे टोलनाका आहे, बारामतीचा रस्ता इथूनच फुटतो, शेजारी भीमा साखर कारखाना आणि थोडे पुढे कुरकुंभची रासायनिक कारखान्यांची वसाहत. हंगामात उसाच्या ट्रॉल्या, बारा महिने टँकर आणि कंटेनर, वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी. एवढा भार सोसणाऱ्या रस्त्यावर अपघात होणारच. जखमीला यवतला किंवा दौंडला न्यायचे, आणि प्रकृती गंभीर असेल तर ‘पुढे हलवा’ हे शब्द ऐकायचे, हे आम्हाला सवयीचे झाले आहे. पुढे म्हणजे पुणे, म्हणजे ससून. पाटसहून साठेक किलोमीटर. हे साठ किलोमीटर ज्याच्या हातात असतात, त्या चालकाविषयी मी आज लिहितो आहे.

महाराष्ट्रात ‘१०८’ क्रमांकाची सेवा २०१४ च्या प्रजासत्ताक दिनी सुरू झाली. तेव्हा गाड्या होत्या ९३७; त्यांतल्या २३३ अद्ययावत जीवरक्षक यंत्रणेच्या आणि ७०४ प्राथमिक सोयींच्या. पैसा सरकारचा, सेवा चालवण्याचे काम तेव्हा बीव्हीजी या खाजगी कंपनीकडे होते. या सेवेने हजारो जीव वाचवले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. पूर्वी आमच्याकडे जखमीला जीपमध्ये, टेम्पोत, प्रसंगी उसाच्या ट्रॅक्टरवर घालून नेत. आज फोन केला की गाडी येते, गाडीत डॉक्टर असतो. चालकाला या सेवेत ‘पायलट’ म्हणतात. नाव भारदस्त आहे. प्रश्न असा की, विमानाच्या पायलटाने किती तास उडावे याचा जसा काटेकोर हिशेब असतो, तसा या पायलटाचा कोणी ठेवतो काय?

बारा-बारा तासांच्या पाळ्या, अपुरा आणि वेळेवर न मिळणारा पगार, रजेला बदली माणूस नाही, ही चालकांची जुनी तक्रार आहे. ती खरी की खोटी या वादात शिरण्यापूर्वी साधे अंकगणित करून पाहू. गाडी दिवसाचे २४ तास उभी ठेवायची म्हणजे आठवड्याचे १६८ तास. आठवड्याला ४८ तास काम ही कायद्याची मर्यादा धरली, तर एका गाडीला साडेतीन चालक लागतात. रजा, आजारपण धरले तर चार. तीच गाडी दोघांवर चालवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याचे ८४ तास येतात. ९३७ गाड्यांना चारप्रमाणे ३,७४८ चालक हवेत; दोघांवर भागवले तर १,८७४ पुरतात. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे वाचलेला पगार. आणि तो वाचतो कुणाच्या झोपेतून, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

याचे मूळ ठेक्याच्या रचनेत आहे. गाडीची किंमत ठरलेली, डिझेलचा भाव ठरलेला, टायर आणि प्राणवायूचे नळकांडे फुकट मिळत नाही. मग निविदेत इतरांपेक्षा दर खाली आणायचा कुठून? ज्याला घासाघीस करता येत नाही अशा एकाच गोष्टीतून, म्हणजे माणसातून. २०२४ मध्ये या सेवेच्या नव्या, दहा वर्षांच्या ठेक्यावरून मोठे वादंग झाले. किती कोटी, कोणाला, कसे, यावर रकाने भरून आले. एका गाडीवर किती चालक असतील आणि त्यांना काय मिळेल, हा प्रश्न त्या गदारोळात कितीसा ऐकू आला?

कायद्याने काय केले? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असे नियम होते. हा कायदा आता नव्या कामगार संहितेत विलीन झाला असून त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. आठ तासांचा नियम आणि जादा कामाला दुप्पट वेतन नव्या व्यवस्थेतही आहे. पण त्यात एक मेख आहे. आस्थापनेच्या मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार ठेवण्यास संहिता मनाई करते, आणि मुख्य कामात काय मोडत नाही त्याची यादीही देते. साफसफाई, पहारा, उपाहारगृह, बागकाम यांच्याच पंगतीत त्या यादीत रुग्णवाहिका सेवा बसवली आहे! रुग्णाला रुग्णालयात जिवंत पोहोचवणे हे आरोग्याचे मुख्य काम नसेल, तर मुख्य काम कोणते?

तरीही एक दोर सरकारच्या हातात आहे. ठेकेदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि नव्या संहितेतही कायम आहे. म्हणजे ‘ती माणसे आमची नव्हेत, कंपनीची’ असे म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत.

हे झाले १०८ चे. रुग्णालयांच्या फाटकाबाहेर ज्या खाजगी गाड्या उभ्या असतात, त्यांचा चालक तर कोणत्याच वहीत नसतो. मालकाच्या एक-दोन गाड्या. पगार तुटपुंजा आणि वर खेपेमागे भत्ता. खेप मिळाली तर चूल पेटणार, म्हणून तो रात्री गाडीतच झोपतो. पुण्याहून परतला की पुन्हा निघतो. करोनाच्या काळात या गाड्यांच्या लुटीची ओरड झाली आणि ११ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना रास्त भाडे ठरवण्यास सांगितले. ते योग्यच झाले. पण भाड्याला वरची मर्यादा घालताना चालकाच्या मजुरीला खालची मर्यादा घालावी, असे कुणाला सुचले नाही. भाडे कमी झाले की तोटा कुणाच्या खिशातून जातो, हे मालक-नोकर संबंध जाणणाऱ्यास सांगायला नको.

यावर ठरलेले उत्तर येते, की पैसा कुठून आणायचा? त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच दिले आहे. आगगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराला कोलकात्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. तातडीचे उपचार हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, पैशाची अडचण सांगून राज्याला ही जबाबदारी टाळता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. त्याच निकालात साधनांनी आणि माणसांनी सज्ज अशी रुग्णवाहिका हवी, असेही म्हटले आहे. सज्ज माणूस म्हणजे जागा माणूस, एवढा तरी अर्थ त्यातून निघावा.

‘मग संप करा’ असे म्हणणेही सोपे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २१ डिसेंबर २०२२ रोजी रुग्णवाहिका कर्मचारी पगारासाठी संपावर गेले. जिवावर बेतलेल्या हाकेला मात्र ते धावत राहिले. पण तिथला कर्मचारी सार्वजनिक आरोग्य सेवेचा होता, भांडायला समोर सरकार होते. आमच्या चालकाने दार कुणाचे ठोठवायचे? कंपनी म्हणते, सरकारकडून बिल आले नाही. सरकार म्हणते, कंपनीला विचारा. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण जणू त्याच्यासाठीच आहे.

मागण्या अवघड नाहीत. निविदेत प्रत्येक गाडीमागे चार चालक ही अट असावी आणि त्यांचे वेतन स्पर्धेबाहेर ठेवावे. ज्याला दर कमी करायचा त्याने नफ्यातून करावा. बिल थकले तरी पगार ठरल्या तारखेला बँकेत जमा व्हावा. ज्या रुग्णालयात गाडी उभी राहते, तिथे त्या आठवड्यातल्या चालकांच्या पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लागावा. खाजगी गाड्यांचे भाडे ठरवताना चालकाची किमान मजुरी आणि विश्रांतीची वेळ त्याच आदेशात लिहावी.

तक्ता वाचायला मात्र आपण गेले पाहिजे. गाडी दहा मिनिटे उशिरा आली तर आपण चालकावर हात उगारायला मागेपुढे पाहत नाही. तो किती तासांपासून जागा आहे, हे ग्रामसभेत एकदा तरी विचारायला काय हरकत आहे? ही विचारपूस त्याच्यावर उपकार म्हणून नको. मागच्या बाजूला झोपवलेला माणूस आपल्यापैकीच कुणीतरी असणार आहे.