मध्येच सोडलं म्हणून काय झालं?

गेल्या रविवारी बहिणीकडे सगळे जेवायला जमलो होतो. जेवण झालं, बडीशेप फिरली आणि विषय निघाला भाचीचा. वय वर्षं चौदा. सहाव्या वर्षापासून पहाटे पाचला उठून तलावावर जाणारी ही पोरगी आता म्हणते, "मला नाही पोहायचं." झालं! घरात जणू कुणी गेल्यासारखी शांतता. मग एकेकाला कंठ फुटला. "हातातोंडाशी आलेला घास कुणी टाकतं का?" "सचिनने असं म्हटलं असतं तर?" आणि शेवटचं ब्रह्मास्त्र, "अर्ध्यावर सोडणं आपल्या घराण्यात नाही." भाची ताटातल्या उरलेल्या पापडाचे तुकडे करत बसली होती. मी तेव्हा काहीच बोलले नाही. म्हणून इथे बोलते. वाचणारे निम्मे त्याच पंगतीत होते, त्यांनी रागावू नये.

अलिसा ल्यू हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? अमेरिकेची फिगर स्केटर. जन्म २००५चा. वडील १९८९ नंतर चीन सोडून अमेरिकेत आलेले, तिथे वकील झालेले. मुलीला पाचव्या वर्षी बर्फावर नेलं आणि तिथून गाडी सुसाट सुटली. २०१९ मध्ये, तेराव्या वर्षी, ती अमेरिकेची राष्ट्रीय विजेती झाली, आजवरची सगळ्यात लहान. एवढी लहान की बक्षिसाच्या चौथऱ्यावर चढायला तिला शेजारच्या दोघींनी हात दिला. पुढच्या वर्षी पुन्हा तीच विजेती. हवेत साडेतीन गिरक्या घ्यायच्या ट्रिपल अ‍ॅक्सेल उड्या ती मारायची. चार गिरक्यांची लुट्झ उडी स्पर्धेत मारणारी ती पहिली अमेरिकन मुलगी. हे सगळं आपली दहावीची परीक्षा होते त्या वयाच्या आधी!

मग २०२२चं बीजिंग ऑलिंपिक. पदक नाही. पुढच्याच महिन्यात जागतिक स्पर्धेत कांस्य. म्हणजे घास अगदी हातातोंडाशी. आणि एप्रिलमध्ये सोळा वर्षांच्या या मुलीने इन्स्टाग्रामवर लिहून टाकलं, मी थांबतेय. तिने नंतर मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितलं की शेवटी शेवटी तिला तो बर्फ नकोसा झाला होता. कपडे कुठले, गाणं कुठलं, सराव किती, सगळं दुसरे ठरवणार आणि ही फक्त गिरक्या घेणार.

आपल्या पंगतीत ही मुलगी असती तर तिचं काय झालं असतं, याची कल्पना करा.

आता त्याच बीजिंगमधल्या, "न सोडणाऱ्या" मुलींकडे बघू. रशियाची कामिला वालियेवा, वय पंधरा. डिसेंबर २०२१च्या तिच्या नमुन्यात बंदी असलेलं हृदयरोगाचं औषध सापडल्याचं स्पर्धा सुरू असताना बाहेर आलं. तरी तिला उतरवलं. जगभरचे कॅमेरे तिच्यावर. ती पडली, पुन्हा पडली, चौथी आली. बाहेर येताच प्रशिक्षक बाईंनी जवळ घेण्याऐवजी जाब विचारला, लढणं का सोडलंस म्हणून. हे साऱ्या जगाने बघितलं. जानेवारी २०२४ मध्ये क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. कुणावर? त्या मुलीवर. त्या निकालात भोवतालच्या एकाही मोठ्या माणसाला शिक्षा झाली नाही. तिची सोबतीण ट्रुसोव्हा रौप्यपदक मिळवूनही रडत होती आणि मला या खेळाचा तिरस्कार वाटतो म्हणत होती. ही तुमची जिद्द, ही तुमची चिकाटी!

याला कारण आहे. वयात येण्याआधीचं शरीर सडपातळ असतं, हवेत भराभर फिरतं. पुढे अंग भरलं की त्याच उड्या अवघड होतात. म्हणून मोठ्यांना घाई. "आत्ताच, नाहीतर कधीच नाही." ही घाई मुलीची नसते, कधीच नव्हती. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने मोठ्यांच्या स्पर्धेचं किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरा करायचं ठरवलं. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण सुचलं.

असो. ल्यूकडे परत. दोन वर्षं तिने काय केलं? गाडी चालवायला शिकली, कॉलेजात मानसशास्त्र घेतलं, नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत चालून आली. मग २०२४ च्या सुरुवातीला बर्फावर घसरायला गेली (स्कीइंगला, स्केटिंगला नव्हे) आणि तिला जुनी मजा आठवली. परतली, पण अटी तिच्या. गाणं मी निवडणार, कपडे मी ठरवणार, सराव किती ते मी सांगणार आणि बाबांनी यात पडायचं नाही. मार्च २०२५, बॉस्टन, जागतिक विजेती. फेब्रुवारी २०२६, मिलान, ऑलिंपिक सुवर्ण.

आता मला माहितेय तुम्ही काय म्हणणार. "बघ, आली ना परत? मग आपल्या पोरीलाही दोन वर्षं सुट्टी देऊ, ताजीतवानी होऊन सुवर्ण आणेल!" नाही हो, नाही! हाच तर घोळ आहे. ल्यू परतली नसती तरी तिचा निर्णय तेवढाच बरोबर होता. २०१४च्या सोचीत पंधराव्या वर्षी सांघिक सुवर्ण मिळवणारी लिपनित्स्काया एकोणिसाव्या वर्षी, अन्न नकोसं होण्याच्या आजारावर उपचार घेऊन, कायमची थांबली. ती परत आली नाही. तिचं काय चुकलं? तिचं थांबणं हा पराभव आणि हिचं थांबणं ही "विश्रांती", हे ठरवायला आपण पदकंच मोजणार असू, तर आपल्याला मुलींशी देणंघेणं नाही, फक्त पदकांशी आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करते. लहानपणीची ती अकरा वर्षं नसती तर ल्यूला परतायला काही उरलंच नसतं. शिस्त लागते, कंटाळा आला तरी उठावं लागतं, हे खरं. दोन दिवसांचा कंटाळा आणि दोन वर्षांचं नकोसेपण यात फरक असतो, आणि तो ओळखायचं काम मोठ्यांचं. पण तो ओळखायचा तर आधी पोरीला विचारावं लागतं. त्या रविवारी आम्ही अकरा मोठी माणसं होतो. तिला "का गं?" असं एकानेही विचारलं नाही. माझ्यासकट.

काल फोन करून विचारलं. तिने काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. पण सांगायला तिला पाऊण तास लागला, आणि शेवटी म्हणाली, "मावशी, तू पहिलीच."

पुढच्या रविवारी जेवायला माझ्याकडे या सगळे. पोहण्याचा विषय मात्र ती काढेल तेव्हाच.