वरून चकाचक

मंडळी, घरात स्टीलचं एखादं जुनं पातेलं असेल तर त्याचा तळ जरा उजेडाकडे धरून पाहा. गार पाण्यात मीठ टाकून ते कधी तसंच राहिलं असेल, तर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतील. स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारं, ही समजूत आपण सगळ्यांनीच भारतातून डब्यांबरोबर आणलेली. प्रत्यक्षात या पोलादात क्रोमियम असतं, निदान साडेदहा टक्के, आणि हवेतला प्राणवायू मिळाला की त्याचा एक अतिशय पातळ थर वर धरतो. ओरखडा पडला तरी थर पुन्हा भरून येतो. थोडक्यात, हे पोलाद हवेवर जगतं. खारट पाण्यासकट त्याला अंधाऱ्या फटीत कोंडलं की थर तुटतो, तो पुन्हा धरायला प्राणवायू नसतो, आणि आतल्या आत आम्ल तयार होऊन धातू पोखरला जातो. आम्ही त्याला फटीतला गंज म्हणतो.

हे पुराण लावायचं कारण आमची बोट. चार कुटुंबांनी मिळून घेतलेली, चेसापीक उपसागरात फिरणारी तीस फुटी शिडाची बोट. १९७८ सालची, म्हणजे वयाने आम्हा चौघांनाही वडील!

या बोटीची डोलकाठी स्वतःच्या बळावर उभी नसते. दोन्ही बाजूंनी, पुढून आणि मागून पोलादी तारांनी तिला ताणून धरलेलं असतं. बाजूच्या प्रत्येक तारेचं खालचं टोक एका जाड पट्टीला अडकवतात. तिला चेनप्लेट म्हणतात. जुन्या लाकडी जहाजांवर तिथे खरोखरच साखळ्या असत, त्यावरून हे नाव. पट्टी डेकमधल्या खाचेतून खाली उतरते आणि केबिनमधल्या प्लायवूडच्या आडव्या भिंतीला बोल्टांनी आवळलेली असते. पाव इंची तार तुटायला सुमारे ८,२०० पौंडांचा ताण लागतो. पण तार कितीही दणकट असली तरी सगळी भिस्त त्या पट्टीवर. आणि पट्टीचा डेकमध्ये दडलेला इंचभर भाग कोणालाच कधी दिसत नाही.

विम्यासाठी बोट तपासायला आलेल्या गृहस्थांनी केबिनच्या भिंतीवरचे चहाच्या रंगाचे ओघळ दाखवले आणि म्हणाले, पट्ट्या काढून बघा. झालं, आमची सभा बसली. आमच्यातले हिशेब सांभाळणारे म्हणाले, "अहो, पट्ट्या आरशासारख्या चमकतायत, कशाला उकरून काढायचं?" प्रश्न रास्त होता, कारण एका यार्डाने सांगितलेला आकडा ऐकून सगळ्यांचीच वाचा बसली होती. शेवटी ठरलं, एक पट्टी आपणच काढायची आणि मग बोलायचं.

शिडाचा दोर बाजूला पक्का बांधून डोलकाठीला आधार दिला, तार सैल केली, बोल्ट काढले. पट्टी वर ओढली. वरचा भाग चकाचक, खालचाही बरा, आणि मधल्या इंचभरात तपकिरी पापुद्रे. पुसून त्यावर लाल रंग फवारला, पंधरा मिनिटांनी पुसून पांढरी पावडर मारली. बोल्टाच्या भोकापासून कडेपर्यंत केसासारखी लाल रेघ उमटली. तिचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. याच बोटीवर दर शनिवारी आमची सहा मुलं असतात, आणि वारा चढला की सगळ्यात जास्त ओरडतात, "अजून वाकव!"

इथे थोडं विषयांतर. कनेटिकटमध्ये मायानस नदीवरच्या महामार्गाच्या पुलाचा एक भाग २८ जून १९८३ च्या पहाटे कोसळला, तीन माणसं गेली. तिथेही दोष सहज न दिसणाऱ्या जागी, पुलाला टांगून धरणाऱ्या खिळीपाशी होता. पुलावरच्या पाण्याच्या वाटा बुजवल्या गेल्या होत्या आणि पाणी त्या खिळीपाशी झिरपत राहिलं. आमच्या बोटीच्या आधीच्या मालकांनीही असंच केलेलं. गळतं म्हणून जुना लांबी-मसाला न काढता त्यावर नवा थर, दरवर्षी. वरून बंद, आतलं पाणी आतच.

मग बाजूच्या सहाही पट्ट्या काढल्या, पण एका वेळी एकच. दोन एकदम सोडण्याचा उत्साह कोणी दाखवू नये. सहापैकी दोनमध्ये भेगा निघाल्या. चार बऱ्या होत्या, तरी आम्ही सहाही बदलल्या. इतक्या वर्षांच्या पोलादाला पास-नापास करत बसण्यापेक्षा ते परवडतं. नव्या पट्ट्या ३१६ जातीच्या, म्हणजे ज्यात मॉलिब्डेनम असतं आणि मिठापुढे जरा जास्त टिकतं, त्या एका वर्कशॉपमधून कापून, भोकं पाडून, पॉलिश करून घेतल्या. बोल्टही नवे.

खरा वेळ खाल्ला तो लाकडाने. डेकच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड असतं, ते खाचेभोवती भिजून भुसा झालेलं. स्क्रूड्रायव्हरने उकरत उकरत कोरडं लाकूड लागेपर्यंत गेलो, पोकळी वाळवली, दाट इपॉक्सीने भरली आणि त्यातच नवी खाच कापली. आता पाणी शिरलंच तरी लाकडापर्यंत पोचणार नाही. केबिनची एक भिंत हातोडीच्या ठोक्याला ठण्णऐवजी धप्प वाजली. तो तुकडा कापून तिथे मरीन प्लायवूड बसवलं. हे काम न करता नुसत्या नव्या पट्ट्या आवळणं म्हणजे ओल्या पावात खिळा ठोकणं. फटी बंद करायला ब्यूटिलची पट्टी वापरली. ती कडक होत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी छिन्नी न घेता पट्टी निघते.

पुढची वेळ दहा वर्षांनी, असं लॉगबुकात लिहून ठेवलंय. पण डेकखाली ओघळ दिसला तर त्याच आठवड्यात.

पुढच्या आणि मागच्या तारांची टोकं अजून व्हायची आहेत. ती झाल्याशिवाय शीड चढणार नाही, असं मुलांना सांगून झालंय. त्यांनी ते मान्य केलेलं नाही.