लाळेची चाचणी येईल तेव्हा येईल, कुहीने तोंड आधी उघडून पाहावे

तोंडाचा कॅन्सर आता लाळेच्या थेंबावरून कळणार, अशी बातमी दर काही महिन्यांनी मोबाईलवर फिरते. कुणीतरी ग्रुपवर टाकतो, खाली चार-पाच ‘माशाअल्लाह’ येतात आणि विषय संपतो. पण कुहीसारख्या तालुक्यात, जिथे खर्रा घोटल्याशिवाय टपरीवरची सकाळ सुरू होत नाही, तिथे तो इतक्यात संपवता येत नाही.

आधी या चाचणीचे पाहू. कॅन्सरच्या पेशी काही प्रथिने आणि जनुकीय संदेश जास्त सोडतात, त्यांना डॉक्टर लोक मार्कर म्हणतात. 2004 मध्ये लॉस एंजेलिसमधल्या डेव्हिड वाँग यांच्या गटाने लाळेत असे सात संदेश दाखवले. त्यातल्या चारांची जोडणी 91 टक्के रुग्ण बरोबर ओळखू शकली. मात्र रुग्ण होते फक्त 32. आता वीस वर्षे उलटली, तरी पक्के निदान बायोप्सीनेच होते. आपल्याकडची अडचण आणखी वेगळी. त्या सातांपैकी एक, इंटरल्यूकिन-8, साध्या सुजेनेही वाढतो. खर्रा खाणाऱ्याच्या हिरड्या आधीच सुजलेल्या, मग मार्कर वाढला तो कॅन्सरमुळे की पायरियामुळे? म्हणून अशी चाचणी विदर्भातल्या तोंडांवर तपासूनच घ्यावी लागेल.

दंत महाविद्यालयांत दुसराही एक विषय जोरात आहे: दात सरळ करताना हाडात बसवायचे टायटॅनियमचे बारीक स्क्रू. वाईट काहीच नाही, लेकरांचे दात नीट व्हावेत. पण ज्या पोराच्या तोंडात दोन बोटेसुद्धा जात नाहीत, त्याच्या मागच्या दाढेजवळ स्क्रू लावणार कसा?

तोंड असे आखडण्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. गालाच्या आतली त्वचा पांढरी, कडक होत जाते. सुरुवात होते तिखट लागण्यापासून. आणि कुही म्हणजे मिरचीचा मुलूख. सातऱ्यावर बायाबापड्या मिरची खुडतात, शेजारच्या भिवापुरी मिरचीला तर भौगोलिक मानांकन आहे. साहजिकच तोंड जळाले की माणूस मिरचीला दोष देतो आणि भाजी फिकी करायला सांगतो. गंमत म्हणजे एकेकाळी डॉक्टरांनाही मिरचीचाच संशय होता. पुढे सुपारी सापडली. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने सुपारीला, तंबाखू नसली तरीही, कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. म्हणजे ‘आम्ही तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो’ ही लग्नघरातली सफाई इथे चालत नाही. केरळात अशा रुग्णांवर 17 वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा 7.6 टक्के लोकांना कॅन्सर झाला.

2022 मध्ये भारतात ओठ-तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे 1 लाख 44 हजार नवे रुग्ण आणि जवळपास 80 हजार मृत्यू, असा जागतिक अंदाज आहे. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटखाबंदी झाली, पुढच्या वर्षी खर्रा-मावाही त्यात आला. कागदावर. शाळेपासून 100 यार्डात तंबाखू विकू नये हा कायदा तर 2003 चा आहे. मधल्या सुट्टीत पन्नीवर खर्रा घोटल्याचा आवाज ऐकणाऱ्या मास्तरला हे आकडे वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

माझ्या मते सर्वांत कामाचे संशोधन जुने आणि स्वस्त आहे. त्रिवेंद्रम जिल्ह्यात 1996 पासून प्रशिक्षित आरोग्यसेवक घरोघरी गेले आणि बॅटरी घेऊन लोकांची तोंडे पाहिली. 2005 मध्ये निकाल छापून आला: तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी. ना लाळ, ना मशीन. आपल्या आशाताई हे करू शकतात, फक्त शिकवणारा आणि पुढे पाठवायची सोय हवी. मशिदीत, मदरशात, उर्दू शाळेत एक दिवस शिबिर लावायला फार पैसा लागत नाही. रमजानमध्ये सहरी ते इफ्तार खर्रा न खाणारी आपलीच माणसे आहेत, म्हणजे तेरा-चौदा तास ते राहू शकतात. शिबिर त्याच महिन्यात लावले तर ऐकणारे जास्त मिळतील.

तोवर घरी आपली तीन बोटे उभी करून तोंडात घालून पाहा. जात नसतील, किंवा पांढरा-लाल चट्टा वा जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर नागपूरला शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, असे पारावर कोणी सांगेल. तसे होत नाही. उशीर झाला की मात्र जबडा काढावा लागतो.