आधी दोर, मग झाड

सप्टेंबर लागला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेला मेसेज येतो. पाठवणारा बहुतेक आपल्यातलाच असतो: पुण्या-नागपूरकडून मिशिगनला येऊन तीन-चार वर्षं झालेला, कोड लिहिणारा, यंदा पहिल्यांदाच शिकारीचं लायसन्स काढलेला. ‘भाई, ट्री स्टँड कोणता घेऊ? क्लायंबर, लॅडर, की सरळ सॅडल?’ सोबत स्प्रेडशीट. वजन, किंमत, घडी केल्यावरची जाडी, आवाज होतो की नाही... सगळे रकाने भरलेले.

एक रकाना मात्र मी या स्प्रेडशीट्समध्ये आजवर पाहिलेला नाही. जमिनीवरून पहिलं पाऊल उचलल्यापासून परत जमिनीला पाय लागेपर्यंत मी दोराला बांधलेला असेन का?

माझ्या मते निर्णय याच एका रकान्यावर व्हायला हवा. बाकी सगळी हौस.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इथे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार बहुतेक वेळा झाडावर बसून करतात. हरीण सहसा वर बघत नाही, उंचावरून माणसाचा वास थोडा वरून निघून जातो, आणि गोळी खाली मातीत जाते, पलीकडच्या माणसाच्या अंगात नाही. मिशिगनमध्ये बंदुकीचा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू होतो आणि त्या दिवशी कित्येक गावांतल्या शाळांना चक्क सुट्टी असते. ‘मुळात मारायचंच कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. चढायचं ठरवलेल्यांशी मी इथे बोलतोय.

माझ्या ओळखीचा एक मुलगा दोन वर्षांपूर्वी पडला. त्याने हार्नेस घातलेला होता. हे नीट वाचा: घातलेला होता. फक्त तो वर बसल्यावर झाडाला अडकवायचा, असं त्याचं गणित होतं. काठ्यांवरून चढून स्टँडच्या पाटावर पाय टाकताना तो घसरला. साधारण वीस फूट. आपण इंजिनिअर आहोत, आकडा काढू या. सहा मीटरवरून पडायला सव्वा सेकंदसुद्धा लागत नाही आणि जमिनीला टेकताना वेग ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास असतो. त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. तो एच-वन-बीवर होता. नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात, हे त्याला हॉस्पिटलच्या खाटेवर आठवत होतं. मणका काही ६० दिवसांत जुळून येत नाही. नोकरी टिकली, हे त्याचं नशीब. पण नशिबावर सिस्टिम डिझाइन करायची नसते, हे आपल्याला ऑफिसात कळतं आणि जंगलात गेलं की विसरायला होतं.

झाडावरून पडणारे बरेच जण बसलेले असताना पडत नाहीत. ते चढताना पडतात, उतरताना पडतात आणि काठीवरून पाटावर जाताना पडतात. व्हिडिओवाले मात्र अर्धा तास बसल्यावरच्या आरामावर बोलतात. सीट किती मऊ, पाटाची जाळी किती रुंद, खांद्यावरून नेताना किती हलकं. वस्तू विकणाऱ्याने वस्तूबद्दल बोलावं, यात नवल नाही. आपण ते ज्ञान म्हणून ऐकतो, माझा राग त्यावर आहे.

आता एकेक प्रकार त्या रकान्यातून बघू.

क्लायंबर दोन तुकड्यांचा असतो. वरचा सरकवायचा, मग पायाने खालचा ओढून घ्यायचा, असं सुरवंटासारखं वर जायचं. त्याला सरळसोट, खाली फांद्या नसलेलं झाड लागतं. खोड वर निमुळतं होत जातं, म्हणून खाली सपाट लावलेला पाट वर गेल्यावर पुढे कलतो. बुळबुळीत सालीवर किंवा बर्फ धरलेल्या खोडावर तो सटकू शकतो. दोन्ही तुकडे एकमेकांना दोरीने बांधले नसतील तर खालचा निसटून जातो आणि तुम्ही वर लटकता.

हँग-ऑन हलका आणि जवळजवळ कुठल्याही झाडाला लागतो. पण लावतानाच दोन्ही हात कामात असतात आणि अंगाखाली काहीच नसतं. कमरेभोवतीचा लाइनमनचा दोर नसेल तर हा प्रकार नवशिक्याने हातात घेऊच नये.

सॅडल सध्या फॅशनमध्ये आहे आणि गंमत म्हणजे त्यात माणूस जवळजवळ सगळा वेळ दोरावरच असतो. म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्याची सगळी सुरक्षितता तुमच्या गाठीत आहे. प्रुसिक गाठ अंधारात, गारठलेल्या बोटांनी मारता येते का? येत नसेल तर आधी महिनाभर अंगणातल्या झाडावर, जमिनीपासून फूटभर उंचीवर सराव करा.

उरला लॅडर स्टँड. बोजड. लावायला दोन-तीन माणसं लागतात. एकदा लावला की तिथेच. व्हिडिओत कुणी तो मिरवत नाही. पण तो हंगामाआधी, दिवसाउजेडी, मित्रांसोबत लावता येतो. वर एकदा लाइफलाइन बांधली की पुढे प्रत्येक वेळी जमिनीवरच दोराला अडकायचं आणि वर जायचं. पहिल्या दोन हंगामांसाठी माझं मत सरळ त्याला.

यावर ठरलेला आक्षेप येतो: ‘पंधरा फुटांवर काय मिळणार? पंचवीस फूट हवेत, हलतं राहायला हवं.’ हे अर्धवट ज्ञान आहे. जितके उंच जाल तितका नेम तिरपा होतो आणि दोन्ही फुप्फुसांतून गोळी किंवा बाण जाण्याची जागा अरुंद होत जाते. एकच फुप्फुस फुटलेलं हरीण मैलभर पळतं आणि रात्रभर मरत राहतं. वारा चुकीचा असेल तर पंचवीस फूटही कामाचे नाहीत. वाऱ्याची दिशा बघून जागा बदला, उंची वाढवू नका. आणि उंचीची भीती वाटत असेल तर जमिनीवरच्या तंबूत बसा. त्यात कमीपणा काही नाही.

आमच्या वाशीमकडे ज्वारीच्या शेतात माळा असायचा. चार बल्ल्या, वर फळ्या, अंबाडीचे दोर. रानडुकरं आणि रोही हाकलायला आजोबा रात्री जागलीला जायचे. ‘आपल्या जुन्या लोकांना सगळं कळत होतं’ असं म्हणायचा मोह होतो, पण ते खोटं आहे. माळ्यावरून लोक पडायचे. आजोबांचा एक पाय त्यातूनच आयुष्यभर अधू झाला. एक गोष्ट मात्र ते पडल्यानंतर न चुकता करायचे: दर हंगामात जुने दोर टाकून नवे बांधायचे, मागचे कितीही धड दिसोत. तुमच्या स्टँडचे पट्टेही वर्षभर ऊन-पाऊस-बर्फ खातात, खारी ते कुरतडतात. तेही बदला.

तेव्हा स्प्रेडशीट बंद करा आणि खरेदीचा क्रम उलटा करा. आधी पूर्ण अंगाचा हार्नेस आणि लाइफलाइन, उरलेल्या पैशांत स्टँड. हार्नेसमध्ये लटकून बघा, जमिनीलगत, शेजारी कुणीतरी असताना. नुसतं लटकून राहिलं तरी पायांत रक्त साचून जीव जाऊ शकतो, म्हणून पाय ठेवायचा पट्टा खिशात हवा. बंदूक रिकामी करून दोरीने वर ओढा, खांद्याला लावून चढू नका. कुठल्या झाडावर आहात आणि किती वाजता परत येणार, हे घरी सांगून निघा.

हे सगळं झालं की मला मेसेज करा. कोणता स्टँड, यावर मग दोन मिनिटांत बोलू.