संगणक वेशीतून उघडा, भिंत फोडून नको

लागण नोंदीच्या चौकशीला गट ऑफिसात आलेल्या सभासदाला आमचे शेतकी खाते काय सांगते? ‘‘कारखान्यावर जाऊन या.’’ कारण नोंद तिथल्या संगणकात. तारीख पंधरा-वीस दिवसांनी चुकली असेल तर तोड पुढे ढकलली जाते, ऊस तुऱ्यावर येतो, वजनाला मार बसतो. पेट्रोल जाते ते वेगळेच. आमच्या मते हा हेलपाटा आता थांबवता येण्याजोगा आहे.

संगणक कारखान्यावरच ठेवून गट ऑफिसातून तो ब्राउझरमध्ये उघडता येतो. ज्यात आपण सातबारा पाहतो तोच ब्राउझर. गट ऑफिसात वेगळे काही बसवायचे नाही. ‘अपाचे ग्वाकामोले’ नावाची विनामूल्य प्रणाली हे काम करते. ती कारखान्यातल्या एका यंत्रावर, वेशीवरच्या राखणदारासारखी बसते. आपला ब्राउझर बोलतो तो फक्त राखणदाराशी, तेही कुलूपबंद वाटेने. आतल्या संगणकाशी बोलणी राखणदार करतो आणि पडद्याचे चित्र इकडे पाठवतो. कळ इथे दाबायची, नोंद तिथे उघडते.

‘‘मग चोरही येतील की!’’ असे आमच्याच एका सहकाऱ्याने सुनावले. त्याचे खोटे नाही. मे २०१९ मध्ये जुन्या विंडोजच्या दूरजोडणीत असे भगदाड सापडले की पासवर्डाशिवाय आत शिरता यावे. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी कधीच्या निवृत्त झालेल्या एक्सपीचीही दुरुस्ती काढावी लागली. म्हणून आतला संगणक थेट इंटरनेटवर उघडा टाकणे म्हणजे भिंत फोडणे. वेस एकच ठेवावी, आणि तिचीही दुरुस्ती वेळच्या वेळी करावी.

आमचा खरा आग्रह पुढेच आहे. तोडीचा नंबर पुढे ओढायला उद्या कोणी लागण तारीख बदलली, तर ती कोणी बदलली हे कळलेच पाहिजे. सगळ्यांना मिळून एक पासवर्ड, तोही चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवलेला, हा प्रकार आम्ही आमच्याच खात्यात पाहिला आहे. लाज वाटते, पण सांगितले पाहिजे. प्रत्येकाचे नाव निराळे हवे. पासवर्डाबरोबर मोबाईलवर दर ३० सेकंदांनी बदलणारा ६ आकडी अंकही मागावा. ती सोय या प्रणालीत आहे. कोण केव्हा आला-गेला याची नोंदही ती ठेवते. गटातून तारीख फक्त पाहता यावी. बदल मुख्य ऑफिसातच, अर्ज घेऊन व्हावा. बदली झालेल्याचे नाव त्याच दिवशी काढावे. वजनकाटा आणि ऊस बिलाचे संगणक या वाटेवर आणूच नयेत. परक्या दुकानातल्या संगणकावरूनही हे उघडू नये. तिथे कळा टिपून घेणारे काही बसवले असेल तर राखणदार काय करणार?

सभासदांनीही एक ध्यानात ठेवावे. या कामासाठी तुमच्या फोनवर काहीही बसवावे लागत नाही. ‘‘ऊस बिल अडकलंय, एवढं ॲप घ्या,’’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. अशा दूरजोडणीच्या ॲपमधून खाती रिकामी होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना दिला होता. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा, मग आमच्याकडे या.

येत्या आडसाली नोंदीच्या वेळी एका गटात हे करून पाहावे, अशी मा. संचालक मंडळास आमची विनंती आहे. गट कारखान्यापासून सर्वांत लांबचा निवडावा. हेलपाटा तिथल्यांनाच जास्त पडतो.