मागच्या आसनावरचे मस्तक

हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की पुणेकरांचा स्वाभिमान उसळून येतो. जानेवारी २०१९ मध्ये तर डोक्यावर पुणेरी पगड्या घालून लोक सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरले. पगडीचा मान मोठा खरा. डांबराला तो कळत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात दुचाकीवरील ७४,८९७ जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी हेल्मेटविना प्राण गमावलेल्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ त्यांनाही लागू आहे, याची जाणीव किती घरांत असते? गृहस्थांच्या मस्तकी हेल्मेट (पट्टा बहुधा मोकळाच!), मागे सौभाग्यवती, चेहऱ्याला स्कार्फ आठवणीने गुंडाळलेला, डोके मात्र उघडे. चालकाला समोरचा खड्डा निदान दिसतो. मागे बसलेलीला सावरण्याचीही सवड मिळत नाही.

‘शहरात वेग तो कितीसा?’ असा युक्तिवाद हटकून होतो. परंतु पदपथाच्या कडेवर डोके आपटण्यास वेग लागत नाही, तोल जाणे पुरते. हेल्मेटमधील थर्माकोलसारखा थर स्वतः चेपला जाऊन तो आघात झेलतो. दंडाच्या धाकाने एक हेल्मेट घरोघरी आले. दुसरे कोणाच्या धाकाने येणार?